हजेरी

परवा रात्री दोन वाजता शेजारचा मुलगा आमची खिडकी बडवत होता. "सर, उठा! पुण्याहून ताईंचा फोन आलाय!" मी कानयंत्र काढून झोपलेलो. दार वाजवून वाजवून थकला बिचारा, म्हणून खिडकीशी आला.

झालं होतं असं. गेल्या महिन्यात बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवली. 'सीजीएम' म्हणतात तिला. तिची केसासारखी बारीक, लवचीक तार कातडीखाली राहते. ती रक्तातली नव्हे, पेशींच्या मधल्या द्रवातली साखर मोजते आणि आकडा मोबाईलवर पाठवते. १४ दिवसांनी नवी चकती. मी इंदापुरात एकटा, त्यात इन्सुलिनवर. म्हणून लेकीच्या मोबाईलवरही आकडा दिसतो. ७०च्या खाली गेला की तिकडे गजर वाजतो.

त्या रात्री ५८ दाखवत होता. बोट टोचून पाहिलं, तर ११६! सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते हसले. "सर, त्याच कुशीवर झोपला असाल. चकतीवर दाब आला की कधी कधी आकडा खोटाच खाली जातो."

मला मात्र हसू येईना. आकडा खरा असता तर? दाराला आतून कडी होती.

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगात २०२४ पासून उसातले सेन्सर जमिनीचा ओलावा मोजून मोबाईलवर कळवताहेत. पण ओल कमी झाल्याचं कळलं म्हणून ऊस भिजत नाही, पाणी सोडावं लागतं.

मी तेहतीस वर्षं वर्गात हजेरी घेतली. 'गैरहजर' लिहून काम संपत नसे. पोर तीन दिवस दिसलं नाही की सायकल काढून वस्तीवर जायचं. ही चकतीही हजेरीच घेते. वस्तीवर कुणी जायचं, ते आपणच ठरवून ठेवायला हवं.

लेकीची झोप मोडते म्हणून चकती काढणारच होतो. ती म्हणाली, "अण्णा, झोपेचं काही नाही हो. तुम्ही दार उघडत नाही म्हटल्यावर माझे हातपाय गळाले."

आता कडी लावत नाही. लॅचची एक किल्ली शेजारी दिली आहे. माजघरातला मोबाईल उशाशी आलाय, बाजूला साखरेची डबी.

असो. तुमच्यापैकी कुणी एकटं राहत असेल, तर चकती लावा न लावा, किल्ली मात्र आजच कुणाकडे तरी देऊन ठेवा.