समुद्र बदललेली नदी

२०२४च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडंठाक होतं. बर्फाच्या जागी पिवळं गवत. तिकडचा बेत मोडला आणि आम्ही भंडाऱ्याची माणसं कर्जत तालुक्यात, भिवपुरीला, कुसूर घाटाच्या पायथ्याशी येऊन ठेपलो. डोंगरावरचं तळं तरी पाहावं म्हणून.

तळ्यांचं आम्हाला अप्रूप नाही. मालगुजारी तलावांच्या जिल्ह्यातलं पोर तलावाच्या पाळीवरच वाढतं. पण तळं गाठायला कडा चढावा लागतो, हे नवलच! पेशवेकालीन दगडी तलाव मागे टाकून जुन्या घाटवाटेला लागलो. कुठे फरसबंदी शाबूत, कुठे नुसता घसारा. कारवीच्या काटक्या झालेल्या. नऊ वाजताच सदरा पाठीला चिकटला. याला इकडे थंडी म्हणतात.

माथ्यावर कुसूरचं पठार, आणि पलीकडे टेकड्यांच्या बेचक्यांत शिरलेलं ठोकरवाडीचं पाणी. काठ उघडे पडलेले, चिखलाला भेगा. आंध्रा नदीवरचं हे टाटांचं धरण शंभरी ओलांडलेलं. सोबतच्या ठाकरदादांना विचारलं, ही नदी जाते कुठे?

"जायची पंढरीला. आता आमच्याकडं उतरते."

थट्टा वाटली, पण हिशेब चोख होता. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा पंढरपुरावरून कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. त्या वाटेवर धरण घातलं, सह्याद्रीत बोगदा खणला. पाणी उलट दिशेला वळलं, सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात कोसळू लागलं. तिथे चक्रं फिरवून ते उल्हास नदीत जातं आणि अरबी समुद्राची वाट धरतं. नदीचा समुद्रच बदलला! १९२२पासून हे चाललंय. शेजारच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीला, त्याही आधी १९१५पासून; तिथे लोणावळ्याकडचं पाणी उतरून पाताळगंगेला मिळतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. विठोबाला कोण विचारतो?

पावसाने ओढ दिली की सोलापूरकडचे लोक हे पाणी परत मागतात. २०२३चा ऑगस्ट तर देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. वर, त्या भेगाळलेल्या काठावर बसून मला त्यांची मागणी सोळा आणे रास्त वाटली.

खाली उतरलो आणि मत डळमळलं. डोंगर करपलेला, पण पायथ्याची खाचरं पाण्याने भरलेली, उन्हाळी भाताची रोपं हिरवीगार. वीजघरातून सुटलेलं पाणी राजनाल्याच्या कालव्याने शेतांत फिरतं. त्यापुढे बदलापूर-अंबरनाथचे नळही उल्हासवरच चालतात. म्हणजे वळवलेल्या नदीला शंभर वर्षांत नवं गणगोत जडलं होतं.

दादांना म्हटलं, पंढरीचं पाणी पंढरीला द्यायचं का?

"द्या की," ते म्हणाले, "मग आम्ही लावणीला तिकडंच येऊ."