घेतलेले सोंग

कार्तिक सरत आला की सिंधुदुर्गातील देवळांतून जत्रा भरू लागतात आणि रात्री दशावताराचा खेळ रंगतो. नट आपला चेहरा आपणच रंगवतो, मुकुट चढवतो आणि राजा होतो. त्याच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. ठाऊक असते ते केवळ कथानक. समोरचा जसे बोलेल, तसे उत्तर त्याला जागच्या जागी सुचावे लागते.

संगणकावरील सोंगांच्या खेळांचे मर्मही असेच आहे. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ निघाला. पुढे त्याची रीत संगणकाने उचलली. खेळणारा एक पात्र निवडतो, त्याच्या वतीने निर्णय घेतो आणि अनुभवागणिक त्या पात्राचे सामर्थ्य वाढत जाते.

मात्र दोहोंत एक भेद आहे. संगणकावर चूक झाली, तर साठवलेल्या टप्प्यापासून पुन्हा आरंभ करता येतो. नटाचा शब्द सुटला की सुटला. तो सावरायचा पुढच्या शब्दानेच! पहाटे मुकुट पेटाऱ्यात जातो. संगणकावर कमावलेले बळ पात्रापाशी राहते. नटाने रात्रभर कमावलेले बळ मात्र त्याच्याबरोबर घरी जाते.