तेल कधी बदलले?

अब्बांचे मिरजेत मोटारींचे गॅरेज होते. त्या गॅरेजच्या कमाईवर आम्ही दोघे भाऊ शिकलो. एक शाळेत मास्तर झाला, एक बँकेत लागला. पण गॅरेजच्या आत पाऊल टाकायची आम्हाला परवानगी नव्हती. अम्मीने दिलेला डबा बाहेरच्या बाकावर ठेवायचा आणि परत फिरायचे. मोहल्ल्यातली आमच्या बरोबरीची पोरे सातवी-आठवीत शाळा सोडून गॅरेजात लागत. चहा आणता आणता, पाने पुसता पुसता मिस्त्री होत. अब्बा स्वतः तसेच घडलेले. आपल्या मुलांचे हात काळे होऊ नयेत, एवढाच त्यांचा हट्ट. तो पुरा झाला. आमचे हात इतके स्वच्छ राहिले की घरच्या गाडीचे तेल बदलायचे असते, हेही आम्ही विसरून गेलो.

२००२ साली नजर अधू झाली तेव्हा अब्बांनी गॅरेज जुन्या शागिर्दाच्या हवाली केले आणि आपली मारुती ओम्नी आम्हाला दिली. दोघांत मिळून एक. देताना एकच गोष्ट सांगितली, दर पाच हजार किलोमीटरला तेल आणि त्यासोबत फिल्टर. पुढे जेवताना ते अधूनमधून विचारत, "तेल बदले क्या?" आम्ही म्हणायचो, "हां अब्बा, बदले."

हे अगदीच खोटे नव्हते, असे तेव्हा वाटायचे. थोरल्याला वाटे धाकट्याने बदलले असेल, धाकट्याला वाटे थोरल्याने. शिवाय ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटच्या खाली. तेल बघायचे तर सीट उचलायची, म्हणजे त्यावरची दप्तरे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आधी काढायच्या. कोण काढतो? कधी तरी पेट्रोल पंपावरचा पोरगा सांगायचा, तेल कमी आहे. मग अर्धा लिटर वरून ओतायचे. गेज पुन्हा बरोबर दाखवायचा, आणि आमचे समाधान व्हायचे.

त्या गेजने आम्हाला फसवले, असे म्हणायला जीभ उचलते, पण त्याचा काय दोष? तेल किती आहे तेवढेच तो सांगतो. ते कसे आहे, हे बोटांना कळते. अब्बा थेंबभर तेल अंगठा आणि बोटात चोळून बघत, वास घेत. नुसते काळे झाले म्हणून तेल वाईट, असे ते मानत नसत. काजळी आणि धातूची बारीक भुकटी तेल आपल्या अंगावर घेते, म्हणून काळे पडते. ते त्याचे कामच आहे. पण घ्यायला हद्द असते. उष्णतेने तेल जळत जाते, दाटते, त्याची मळी होते. वरून नवे ओतले तरी खालची मळी खालीच राहते. हे सगळे आम्हाला नंतर कळले.

मे २००६ मध्ये रत्नागिरीला लग्न होते. गाडीत अम्मी, दोघांच्या घरातली माणसे, चार पोरे. अब्बा आले नव्हते. त्याआधी महिनाभर गाडी सिग्नलला उभी असली की तेलाचा लाल दिवा लुकलुकायचा आणि वेग दिला की विझायचा. वायर सैल असेल, असा आम्ही दोघांनी एकमताने निकाल दिला होता. आमचे एकमत झालेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

परतताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि दिवा लागला तो विझेना. पाठोपाठ सीटच्या खालून ठोका ऐकू येऊ लागला. आधी हलका, कुणी दारावर बोटाने वाजवावे तसा. तिथेच इंजिन बंद केले असते तर कदाचित थोडक्यात निभावले असते. पण दिवस मावळत होता, गाडीत बायकापोरे होती. वर आंब्याला पोचू, मग बघू, असे आम्ही ठरवले. दोन-तीन वळणांनंतर ठोक्याचा हातोडा झाला, एक कर्कश ओरखडा उठला आणि गाडी जागीच थांबली. किल्ली फिरवली तर इंजिन हलेना. कोल्हापूरची एसटी आली, तिच्यात अम्मीला आणि पोरांना बसवून दिले. आम्ही दोघे अंधारात गाडीच्या चाकांना दगड लावून बसलो. एकमेकांशी फारसे बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी टेम्पोच्या मागे दोरीने बांधून मिरजेला आणली. शागिर्दाने चेंबर उतरवला. तळाशी डांबरासारखा थर होता. तेल ओढून घेणाऱ्या पंपाची जाळी त्यानेच बुजलेली. चेंबरात तेल होते, पण ते वर चढतच नव्हते. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा असतो, त्यामुळे लोखंड लोखंडाला लागत नाही. तो पडदाच फाटला होता. एक बेअरिंग जागेवरून फिरले होते, क्रँकवर चरे होते, आणि तिथे धातू तापून निळसर पडला होता. शागिर्दाने आमच्याकडे पाहिले आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून हळूच म्हणाला, "अब्बांना मी सांगू का?"

पण अब्बा येऊन उभेच होते. त्यांना नीट दिसत नव्हते. त्यांनी चेंबरात बोट बुडवले, चोळले, वास घेतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "तेल कब बदले थे?"

"हम बदले नहीं, अब्बा. सिर्फ डालते रहे."

"हम बोले तो कौन? नांव लेके बोलो."

आम्ही गप्प उभे राहिलो. चाळीशीला आलेली माणसे, दोघांनाही पगार, पेन्शन, आणि एका प्रश्नाला उत्तर नाही. अब्बा रागावले असते तर सोपे गेले असते. ते शागिर्दाकडे वळून एवढेच म्हणाले, "मैंनेच इनको अंदर आने नहीं दिया."

क्रँक घासून घेतला, बेअरिंगे नवी, रिंगा नव्या. शागिर्दाने फक्त सुट्या भागांचे पैसे घेतले. मजुरीचा विषय काढला तर तो दुसऱ्या गाडीखाली जाऊन झोपला.

पुढचे तेल अब्बांनी अंगणात आमच्याकडूनच बदलून घेतले. ते खुर्ची टाकून बसले होते. गाडी आधी थोडी फिरवून आणा, गरम तेल घाण घेऊन उतरते, असे सांगून त्यांनी आम्हाला स्टेशनपर्यंत पाठवले. मग चेंबरचा बोल्ट सैल करायला लावला. पहिली धार मनगटावर आली. अम्मी साबण घेऊन धावली, अब्बांनी तिला हातानेच थांबवले.

शेवटी त्यांनी गॅरेजातली एक जुनी वही मागवली. तारीख, किलोमीटर आणि नाव असे तीन रकाने आखायला सांगितले. तारीख लिहिली, किलोमीटर लिहिले. नाव कोणाचे लिहायचे, यावर आमचा तिथेच वाद सुरू झाला. बोल्ट एकाने काढला होता, तेल दुसऱ्याने ओतले होते. अब्बा ऐकत बसले. शेवटी दोघांनीही आपापले नाव लिहिले, एकाखाली एक.