चौविहार आणि औषधाची चिठ्ठी

आमचे औषधांचे दुकान वडिलांच्या काळापासूनचे. गल्ल्यावर बसणाऱ्याला घरच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा आळसच असतो. हात मागे केला की पट्टी हाती येते. आईला सर्दी झाली, अझिथ्रोमायसीन. घसा धरला, अमॉक्सिसिलीन. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात. काही वाया जाऊ द्यायचे नाही, हा आपला व्यापारी संस्कार! शिवाय आईचा चौविहार. रात्रीची गोळी तिने कधी घेतलीच नाही आणि मीही कधी विचारले नाही.

आमचे कुटुंबाचे डॉक्टर प्रतिजैविकांच्या बाबतीत कंजूष म्हणून प्रसिद्ध. पडसे विषाणूंचे, हे औषध जिवाणूंचे, मग द्यावे कशाला, एवढेच ते म्हणत. नाराज झालेले रुग्ण माझ्याकडे येत आणि मी देत असे. शेड्यूल एच-१ ची नोंदवही २०१४ पासून सक्तीची झाली. ती मी चोख ठेवीत होतो. त्या यादीबाहेरच्या पट्ट्या मात्र, चिठ्ठी आवश्यक असूनही, ओळखीवर जात.

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात आईला थंडी वाजून ताप आला. मूत्रमार्गाचा संसर्ग होता. लघवीच्या कल्चरचा अहवाल आला, त्यात नेहमीच्या सर्व तोंडी औषधांपुढे ‘आर’, म्हणजे निष्प्रभ. डॉक्टरांनी विचारले, “वर्षभरात यांना काय काय दिलेत?” पैपैचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्याकडे याचा हिशेब नव्हता. आईला सात दिवस रुग्णालयात शिरेतून इंजेक्शने घ्यावी लागली. दोन रात्री ती आम्हाला ओळखत नव्हती.

पुढच्या श्रावणात तिच्या पायाची जखम चिघळली. या वेळी खरोखर प्रतिजैविक हवे होते. डॉक्टरांनी प्रथम तिच्या नियमांची चौकशी केली. नवकारशी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे सातच्या सुमारास; सूर्यास्तही सातच्याच आसपास. त्यांनी दिवसातून दोनदा घ्यायचे औषध निवडले : एक गोळी पारण्यानंतर, दुसरी सूर्यास्तापूर्वी. नियम मोडला नाही, मात्राही चुकली नाही. इतकी वर्षे मला हे का सुचले नाही?

आता दुकानात कोणी चिठ्ठीवाचून पट्टी मागितली तर मी नकार देतो. परवा एक जुने गिऱ्हाईक, वडिलांच्या वेळचे, काही न बोलता पायरी उतरून समोरच्या दुकानात गेले. त्यांचे खाते अजून आमच्याकडेच आहे.