घोड्याची कोंडी

नियमाचें पालन निष्ठेनें करणाऱ्याचा शेवट गोडच होतो, असें आपण मुलांना शिकवितों. गणितांतील एका घोड्यानें मला या वचनाचा पुन्हा विचार करावयास लावलें.

चौकटींच्या कागदावर मध्यभागीं १ लिहावा. उजवीकडे २, त्याच्या वर ३, तेथून डावीकडे ४ व ५, खालीं ६ व ७, असे अंक शंखाच्या वेटोळ्याप्रमाणें बाहेर वाढवीत न्यावे. मग बुद्धिबळांतला घोडा १ वर ठेवावा. अडीच घरांच्या चालीनें जेथें जातां येईल, त्यांपैकीं पूर्वीं न गाठलेल्या सर्वांत लहान अंकावर त्यानें जावें, एवढाच नियम. वाट अशी निघते : १, १०, ३, ६, ९, ४, ७, २, ५, ८, ११... पहिल्या दहा घरांत एक ते दहा सारे अंक, एकही न वगळतां! पटाला सीमा नाहीं. तेव्हां हा प्रवासही अखंड चालणार, असेंच कोणासही वाटेल.

परंतु २०१६ वें घर २०८४ या अंकाचें येतें आणि तेथें घोडा कोंडला जातो. आठही वाटा त्याच्याच जुन्या पावलांनीं अडविलेल्या! पहिल्या २०८४ अंकांपैकीं निदान ६८ घरें मात्र अस्पर्शित राहतात. नील स्लोन यांनीं १९६४ मध्यें आरंभिलेल्या पूर्णांक-क्रमिकांच्या कोशांत ही क्रमिका २०१८ मध्यें दाखल झाली.

आतां नवव्या शतकांतील रुद्रटाचा ‘काव्यालंकार’ पाहा. त्यांतील तुरगपद नांवाच्या बंधांत श्लोकाचीं अक्षरें ३२ घरांत मांडून घोड्याच्या चालीनें वाचलीं, तरी तोच श्लोक उभा राहतो. एकही घर सुटत नाहीं, एकही दोनदां येत नाहीं. चाल तीच, पण कवीनें पहिलें अक्षर मांडतांना बत्तिसावें घर डोळ्यांपुढें ठेवलें होतें.

वडिलार्जित जमीन अडीअडचणीला विकणारें कुटुंबही दर वेळीं लहानांत लहान तुकडाच देत असतें. प्रत्येक व्यवहार त्या दिवसापुरता शहाणपणाचाच असतो. आणि एके दिवशीं अंगणापलीकडे आपलें म्हणावयास कांहीं उरत नाहीं.

म्हणून मुलांना नियम अवश्य शिकवावे. त्याबरोबरच, या पावलानंतर आपल्याला किती वाटा उरतील, हें मोजण्याचीही संवय त्यांस लावावी. एखाद्या रविवारीं कागद आंखून हा घोडा त्यांच्या हातीं द्यावा; निदान पहिलीं शंभर पावलें त्यांना चालूं द्यावीं.