हा कोण?

कॅमेरा आकाशाकडे कसा लावायचा, हे मला अनेकांनी शिकवलं. काढलेला फोटो वाचायला मात्र एकट्या काकांनीच शिकवलं.

काका सरकारी खात्यात आरेखक होते. निवृत्तीनंतरही टेबलावर भिंग आणि ट्रेसिंग पेपर कायम. फाल्गुन-चैत्राच्या अमावास्येला आम्ही भोरच्या पुढे जायचो. मध्यरात्री अरुंधती केश डोक्यावर आलेलं असायचं. तिथल्या दीर्घिकासमूहाच्या रात्रभर घेतलेल्या फ्रेम स्टॅक करून मी मोठा प्रिंट काढायचो. मधोमध एनजीसी ४८७४ आणि ४८८९, सुमारे ३२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन अजस्र दीर्घिका. माझी नजर तिथेच खिळायची. काकांचं बोट फोटोच्या कडेला, डोळ्यांना ताण पडेल अशा एखाद्या पुसट डागावर जायचं. "हा कोण?"

मग उलटतपासणी सुरू. बाकीच्या ताऱ्यांसारखाच नेटका ठिपका आहे, की कड विरत गेली आहे? विरत असेल तर दीर्घिका असू शकते. दुसऱ्या रात्रीच्या फोटोत जागा बदलली? लघुग्रह. फ्रेमगणिक तारे थोडे सरकले तरी हा त्याच पिक्सेलवर बसून आहे? मग तो सेन्सरचा दोष. जवळच एखादा झगझगीत तारा असेल तर भिंगांमधलं परावर्तनही असू शकतं. एवढं झालं की पालोमारच्या श्मिट दुर्बिणीने घेतलेल्या जुन्या प्लेटची प्रत काढायची. १९४९ साली सुरू झालेल्या त्या सर्वेक्षणातही डाग त्याच जागी सापडला, तरच काका वहीत नोंद करत.

पुढे ताऱ्यांच्या आकृत्या ओळखून फोटोचे निर्देशांक सांगणारी सॉफ्टवेअर आली. फोटोवर भराभर नावं उमटू लागली. काकांना त्याचं कौतुक होतं, पण ते म्हणत, "अरे, तिथे काय असायला हवं ते यादी सांगते. तुझ्या फोटोत ते उमटलंय का, ते तूच बघायचंस." मला ही त्यांची सगळ्यांत मोठी शिकवण वाटते. आजही नाव छापलेल्या जागी नुसता करडा नॉइज असेल, तर मी ते नाव खोडतो.

एनजीसी ही यादी करणाऱ्या ड्रायर या खगोलशास्त्रज्ञाबद्दल ते घरच्या माणसासारखं बोलत. १८८८ साली त्याने किती निरीक्षकांच्या नोंदी गोळा करून ७८४० जणांची यादी बांधली! त्या यादीतले ४८८४ आणि ४८८९ हे दोन्ही क्रमांक एकाच दीर्घिकेचे आहेत, हे काकांनीच मला प्रिंटवर बोट ठेवून दाखवलं. उपकार मानावेत आणि तपासूनही घ्यावं, दोन्ही त्यांना एकदमच जमायचं.

ते गेल्यावर काकूंनी ती वही माझ्या हाती दिली. तिच्यात बरीच प्रश्नचिन्हं आहेत. नव्या सर्वेक्षणांच्या मदतीने मी एकेक सोडवतो आहे. बहुतेक डागांना पीजीसी या दीर्घिकांच्या यादीतला क्रमांक मिळतो, काहींचं अंतर अजून कुणी मोजलेलं नाही. अशांचे विषुवांश आणि क्रांती मी काकांच्याच रकान्यात लिहितो, पण प्रश्नचिन्ह पुसत नाही.