खडकींतील एक बोलकें कपाट

पुणेकरापुढें खडकीचें नांव काढलें म्हणजे त्याला दोनच गोष्टी आठवतात : एक लढाई आणि दुसरी छावणी. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं बापू गोखले यांच्या सेनापतित्वाखालीं पेशव्यांची फौज इंग्रजांच्या पलटणींवर चालून गेली. मोर दीक्षित त्या दिवशीं रणांत पडले. ऐन हल्ल्यांत आमचें घोडदळ ओढ्याकांठच्या दलदलींत अडकलें. आणि पर्वतीवरून लढाई पाहणाऱ्या दुसऱ्या बाजीरावास पंधरवड्याच्या आंत पुणें सोडावें लागलें. हा इतिहास शाळेच्या पुस्तकांत असतो, व तो असावा हें योग्यच आहे. परंतु त्यानंतरच्या दोनशें वर्षांत खडकीचें काय झालें, हें त्या पुस्तकांत सांपडत नाहीं; तें तेथील घरांत जाऊन पाहावें लागतें.

खडकी हें हातांनीं काम करणाऱ्यांचें गांव आहे. येथील दारूगोळ्याचा कारखाना इ. स. १८६९ मधला. उच्च स्फोटकांचा कारखाना १९४० मधला; किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना १९४६ सालची. पूल बांधणाऱ्या व सुरुंग लावणाऱ्या मुंबई सॅपर्स पलटणीचें मुख्य ठाणेंहि येथेंच. सदाशिव-नारायण पेठांत पोथी आणि पंचांग यांनीं जशी एक बुद्धि घडविली, तशी खडकींत कानस, लेथ आणि मोजपट्टी यांनीं दुसरी एक बुद्धि घडविली. केसाएवढें अंतर चुकलें तरी काम नासतें, हें जिला पक्कें ठाऊक असतें ती ही बुद्धि. तिचा एक नमुना गेल्या भाऊबीजेस माझ्या बहिणीच्या घरीं पाहावयास मिळाला. त्याचीच ही हकीकत.

शिवाजीनगरास लोणावळ्याची लोकल धरली म्हणजे पुढचेंच स्टेशन खडकी. पिशवी सांवरून नीट बसावें तोंच उतरावयाची वेळ होते. स्टेशनाबाहेर पडून छावणीच्या बाजूस वळलें कीं शहराचा गलबला हळूहळू मागें पडतो. सरळ आंखलेले रस्ते, दुतर्फा जुने वृक्ष, कुंपणांआड कौलारू बंगले, मधून मधून 'आंत येण्यास मनाई' अशी लष्करी पाटी. मग एकाएकीं बाजार लागतो आणि पुन्हां माणसांची, दुचाक्यांची व भाजीच्या पाट्यांची दाटी सुरू होते. या बाजाराच्या मागील अंगास ताईचें जुनें कौलारू घर आहे. ताई माझ्याहून सोळा वर्षांनीं वडील. तिला त्र्याऐंशीवें वर्ष चालू आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, एका कारखान्यांत छत्तीस वर्षें लेथवर काम करून दोन वर्षांपूर्वीं निवृत्त झाला.

पुढच्या खोलींत पाऊल टाकतांच कांहीं तरी बदललें आहे असें जाणवलें. पण काय, तें चटकन् उमगेना. मग ध्यानांत आलें. समोरच्या भिंतीवरील टीव्हीचा तो मोठा काळा पडदा नाहींसा झाला होता. आमच्या मेहुण्यांची तसबीर, जी त्या पडद्यामुळें आंतल्या खोलींत गेली होती, ती पुन्हां आपल्या खिळ्यावर आली होती. आणि तिच्याखालीं कमरेइतक्या उंचीचें, पांच फूट लांबीचें, साधें पण सुबक असें सागवानी कपाट उभें होतें. त्याला ना मूठ, ना कुलूप.

"टीव्ही काढून टाकलास कीं काय ?" मीं विचारलें.

"काढला नाहीं, मामा; त्याला घर बांधून दिलें," भाचा हंसून म्हणाला. "तुम्ही जरा इकडे बसा."

त्यानें रिमोटवरील एक कळ दाबली. कपाटाचें झांकण मागें कललें व आंतून पडदा सावकाश वर येऊं लागला. वीस अंक मोजावे इतक्या वेळांत तो पुरता वर आला आणि तसबिरीच्या खालीं चार बोटें अंतर राखून थांबला. त्याच वेळीं कपाटाच्या दोन्ही कुशी उघडून दोन ध्वनिवर्धक बाजूंस सरकत आले, हातभर बाहेर येऊन थांबले, आणि मग दोघांनींहि आपलीं तोंडें किंचित् आंत, ताईच्या खुर्चीकडे वळविलीं. या सर्व हालचालीचा आवाज म्हणाल तर सुपांत गहूं घोळल्याइतका.

लांकूड जुन्या बाजारांत रविवारीं मिळालेल्या एका मोडक्या कपाटाचें. पाठीमागची फळी काढून भाच्यानें मला आंतील सर्व अवयव दाखविले. मुळाशीं आहे तें आपलें ओळखीचें मळसूत्रच. चोवीस व्होल्टांवर चालणारी लहानशी मोटर आटे पाडलेला एक उभा दांडा फिरविते. दांड्यावरील नट स्वतः फिरूं शकत नाहीं, म्हणून तो वर चढतो व आपल्याबरोबर पडद्याची चौकट घेऊन येतो. दांड्याचा एक फेरा झाला कीं नट चार मिलिमीटर सरकतो. आटे इतके बारीक असल्यामुळें वरचें ओझें दांड्यास उलट फिरवूं शकत नाहीं, आणि मध्येंच वीज गेली तरी पडदा धाडकन् खालीं येत नाहीं. वरच्या व खालच्या टोंकास एकेक कळ बसविली आहे. चौकट तिला टेकली कीं मोटर थांबते. ध्वनिवर्धक रुळांवर चालतात, त्यांच्या मोटरी निराळ्या. तारांना मोकळा वळसा ठेवला आहे, नाहीं तर रोजच्या ओढाताणीनें त्या तुटावयाच्या. पोराबाळांचें बोट झांकणांत सांपडलें तर मोटरीवर ताण येतो, ती जास्त वीज ओढूं लागते, आणि तें ओळखून यंत्र थांबतें व थोडें मागें जातें. हें शेवटचें साधेपर्यंत त्यानें कपाट घरांत मांडलेंच नाहीं. वीज नसतांना पडदा आंत घेण्यासाठीं बाजूस एक लहान हातदांडाहि आहे.

भोजराजाच्या 'समरांगणसूत्रधार' या अकराव्या शतकांतील ग्रंथांत यंत्रांवर एक सबंध अध्याय आहे. आपोआप हालणाऱ्या बाहुल्या आणि नाना प्रकारचे ध्वनि काढणारीं यंत्रें त्यांत वर्णिलीं आहेत. मात्र त्यांची सविस्तर घडण राजा सांगत नाहीं. अज्ञानामुळें नव्हे, तर गुप्तता राहावी म्हणून, असें तो स्वतःच म्हणतो. खडकीच्या आमच्या सूत्रधाराची रीत याच्या उलट. शेजारच्या मुलांनाहि तो फळी काढून एकेक स्क्रू दाखवितो, आणि त्यांतील दोघे आतां सुट्टीच्या दिवशीं कानस चालविण्यास त्याच्याकडे येतात.

पडद्यावरील चित्र आणि आवाज यांची जोडी जमविण्याची हौस महाराष्ट्रांत नवी नाहीं. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' दाखविण्यास आरंभ केला. कांचेवर रंगविलेलीं चित्रें दिव्यापुढें हातानें सरकवून पडद्यावरील आकृति हालत्या करावयाच्या आणि जोडीला गाणें व निवेदन करावयाचें, असा तो खेळ असे. शांबरी म्हणजे शंबरासुराची माया, हें संस्कृतज्ञांस सांगावयास नकोच. खेळ संपला कीं दिवा विझे, पडदा गुंडाळला जाई आणि माया आपल्या पेटींत परत जाई. ता. २ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्याचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें, तेव्हांचे रेडिओहि लांकडी पेटींत बसून घरोघर आले. मुंबईस १९७२ सालीं दूरदर्शन सुरू झालें, पुढच्या वर्षीं सिंहगडावरून तें पुण्यास दिसूं लागलें, आणि त्या काळच्या कित्येक टीव्हींना सरकत्या पट्ट्यांचीं दारें असत. १९८७ च्या जानेवारींत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं तीं दारें उघडून हात जोडणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. पुढें पडदा रुंद व पातळ होऊन भिंतीवर चढला आणि त्याचें दार गेलें. दाराबरोबर 'आतां पुरे' असें म्हणावयाची वेळहि घरांतून गेली.

ही उणीव पाश्चात्त्यांनाहि भासलेली दिसते. डेन्मार्कमधील स्ट्रुएर गांवीं १९२५ सालीं स्थापन झालेल्या बँग अँड ओलुफसन कंपनीनें २०१९ सालीं 'बीओव्हिजन हार्मनी' नांवाचा टीव्ही काढला. बंद असतांना त्याचा पडदा खालीं, ओक लांकूड व ॲल्युमिनिअम यांच्या दोन फळ्यांआड अर्धामुर्धा लपून असतो. चालू करतांच त्या फळ्या फुलपाखराच्या पंखांप्रमाणें उलगडतात व पडदा वर येतो. फळ्या नुसत्या झांकणासाठीं नाहींत; आवाजाची व्यवस्थाहि त्यांच्याशींच गुंफलेली आहे. कल्पना सुंदर, किंमत मात्र लाखांच्या हिशेबांत. भाच्यानें तें यंत्र चित्रांतच पाहिलें, आणि नक्कल न करतां आपल्या घराला काय हवें तेवढेंच त्यांतून उचललें.

ध्वनिवर्धकांनीं हालावें तरी कशासाठीं, असा प्रश्न मला पडला होता. पडदा वर आला कीं काम झालें. पेटींतूनच आवाज आला असता तर काय बिघडलें असतें? या प्रश्नाचें उत्तर ताईच्या कानांत होतें.

गेलीं चार वर्षें ताईस कमी ऐकूं येतें. वार्धक्यांत कान प्रथम उंच पट्टीचे ध्वनि गमावितो. आपल्या बोलण्यांत स्वरांचा भर खालच्या पट्टींत असतो. स, श, त, क अशा व्यंजनांची ओळख पटविणारा अंश वरच्या पट्टींत असतो, व तो मुळांतच क्षीण. त्यामुळें म्हाताऱ्या माणसास कोणी तरी बोलत आहे हें कळतें, काय बोलत आहे हें कळत नाहीं. स्वर पोंचतात, व्यंजनें वाटेंत गळतात. त्यांतून हल्लींचे टीव्ही पातळ. त्यांत ध्वनिवर्धकास पुरेशी जागा नाहीं, म्हणून तो बहुधा खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेला असतो, आणि आवाज भिंतीवर आपटून मग आपल्याकडे येतो. उंच पट्टीचे ध्वनि बहुतेक झोताप्रमाणें सरळ जातात. ध्वनिवर्धकाचें तोंड फिरलें कीं तेच पहिल्यानें हरवतात.

घरच्यांनीं यावर सर्वत्र करतात तोच उपाय केला : आवाज वाढविला. त्यानें स्वर कानठळ्या बसवूं लागले. व्यंजनें अपुरीं तीं अपुरींच राहिलीं. नातू दहावीचा अभ्यास घेऊन मित्राकडे जाऊं लागला, सुनेचें डोकें दुखूं लागलें, शेजाऱ्यांनीं दोनदां कुरकूर केली. शेवटीं ताईच उठून आंतल्या खोलींत बसूं लागली. "मला नाहीं पाहावयाचें कांहीं," असें ती म्हणे. घरांतील म्हातारें माणूस असें आपण होऊन आंत जाऊं लागलें म्हणजे घरानें सावध व्हावें; कारण हळूहळू तें इतर गोष्टींसाठींहि बाहेर येईनासें होतें. कपाटाचा खटाटोप भाच्यानें मांडला तो यासाठीं.

डॉक्टरांनीं दिलेलें कानांतील यंत्र ताई आतां लावते, व त्याला पर्याय नाहीं. कपाटाचें काम त्यापुढचें. दोन ध्वनिवर्धकांत जितकें अंतर, साधारण तितकेंच अंतर प्रत्येकापासून ऐकणाऱ्याचें असावें. असा समभुज त्रिकोण साधला म्हणजे बोलणें पडद्याच्या मध्यांतून येत आहे असें भासतें. स्टिरिओ ध्वनीच्या या विद्येचा पाया इंग्लंडांत ॲलन ब्लमलाइन यानें १९३१ सालच्या पेटंटानें घातला. भाच्यानें ताईच्या खुर्चीपर्यंत सात फूट मोजले, आणि ध्वनिवर्धकहि बाहेर आल्यावर एकमेकांपासून सात फुटांवर थांबतील अशी सोय केली. कपाटांत कोंडलेला आवाज घुमतो. बाहेर आलेला मोकळा होतो. तोंडें तिच्याकडे वळल्यामुळें व्यंजनें थेट तिच्या कानीं जातात, आणि टीव्हीचा एकंदर आवाज पूर्वींच्या मानानें बराच खालीं आला आहे.

हा विचार आपल्याकडे फार जुना. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत भरतमुनींनीं मनुष्यांसाठीं चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद एवढाच नाट्यमंडप सांगितला आहे. कारणहि दिलें आहे : याहून मोठ्या मंडपांत उच्चार अस्पष्ट होतात आणि मुखावरील भाव दिसत नाहींत. म्हणजे मोजमाप करावयाचें तें ऐकणाऱ्याच्या कानावरून. भाच्यानें नाट्यशास्त्र वाचलेलें नाहीं. पण त्यानेंहि मोजपट्टी धरली ती ताईच्या खुर्चीपासून.

संध्याकाळीं ओवाळणें झाल्यावर ताई आपल्या खुर्चींत येऊन बसली. बातम्या तिनें सबंध ऐकल्या, आणि एका पुढाऱ्याच्या भाषणावर "खोटें बोलतो मेला" असा अभिप्रायहि दिला. चार वर्षांत तिच्या तोंडून टीव्हीवर काढलेला हा पहिलाच उद्गार मीं ऐकला. पुढें एक मालिका झाली. ती संपतांच ताईनें मांडीवरचा रिमोट उचलला व कळ दाबली. रिमोट रात्रीं तिच्याच स्वाधीन असतो, ही या घराची नवी रीत. ध्वनिवर्धकांनीं तोंडें सरळ केलीं, ते आंत गेले, पडदा उतरला, झांकण मिटलें. क्षणभर कोणालाच कांहीं सुचेना. मग नातवानें विचारलें, "आजी, मामाआजोबा लहानपणीं खोड्या काढत का ग ?" आणि ताईनें जी सुरुवात केली ती रात्रीं साडेदहापर्यंत. माझी लोकल चुकली. मुक्काम खडकीसच झाला.

असें कपाट घरोघरीं व्हावें असें मी म्हणत नाहीं. मोटर आणि वीज यांचें काम जाणत्याच्या हातचें. अर्धवट ज्ञानानें केलेलें झांकण मुलांचीं बोटें चिरडील. परंतु भाच्याच्या युक्तींतील तीन गोष्टी कोणत्याहि गृहस्थास आजच करतां येण्यासारख्या आहेत. ध्वनिवर्धक वेगळा घेऊन तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, त्याच्याकडे तोंड करून ठेवावा. खोलींतील बैठक घरांत ज्याला सर्वांत कमी ऐकूं येतें त्याच्या जागेवरून ठरवावी. आणि पाहणें संपलें कीं पडद्यावर एखादें स्वच्छ वस्त्र टाकून तो झांकावा, व झांकण्याचा अधिकार घरांतील सर्वांत वडील माणसास द्यावा. या तिहींपैकीं एकाहि गोष्टीला मोटर लागत नाहीं.